तुमच्या महापालिकेचं ‘टेस्टिंग’ कोण करतं? ऑडिट, रँकिंग आणि तुमच्या हातातला फोन

तुमच्या फोनमधलं एखादं अ‍ॅप अपडेट होतं तेव्हा त्यामागे कुणीतरी टेस्टिंग केलेलं असतं. नवा कोड लिहिणारा एक आणि तो तपासणारा दुसरा, हा आमच्या धंद्यातला साधा नियम. स्वतःच लिहायचं आणि स्वतःच ‘एकदम ओके’ म्हणायचं, असं चालत नाही.

आता हाच नियम आपल्या गावाला, शहराला लावून बघूया. नळाला पाणी, कचऱ्याची गाडी, जन्मदाखला, रस्त्यावरचा दिवा, जिल्हा परिषदेची शाळा या सगळ्या सेवा आपल्याला स्थानिक स्वराज्य संस्थांकडून मिळतात. यात पैसाही थोडाथोडका नाही. एकट्या मुंबई महापालिकेचा २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार ४२७ कोटी रुपयांचा होता, म्हणजे गोवा राज्याच्या त्या वर्षीच्या अर्थसंकल्पाच्या दुपटीहून जास्त. मग हा एवढा मोठा ‘प्रॉडक्ट’ नीट चालतोय की नाही, हे तपासतं कोण? आणि त्या तपासणीमुळे सेवा खरंच सुधारते का?

हा प्रश्न आत्ता विचारायला एक कारण आहे. मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर कित्येक वर्षं तिथे नगरसेवकच नव्हते. सगळा कारभार प्रशासकाच्या हातात. सभागृहात उभं राहून ‘या टेंडरचं काय झालं?’ असं विचारणारा माणूसच नाही, अशा काळात बाहेरच्या तपासणीचं महत्त्व कितीतरी वाढतं.

तपासणीचे तीन प्रकार

सोपं करून सांगायचं तर आपल्याकडे तीन प्रकारची तपासणी चालते.

पहिली, हिशेबाची. पैसा नियमाप्रमाणे खर्च झाला का? याला लेखापरीक्षण म्हणतात. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद यांचं ऑडिट राज्याच्या वित्त विभागाखालची स्थानिक निधी लेखापरीक्षा यंत्रणा करते. महापालिकेत स्वतःचा मुख्य लेखापरीक्षक असतो. त्याच्या वर ‘कॅग’, म्हणजे देशाचे नियंत्रक आणि महालेखापरीक्षक. विधिमंडळाची पंचायती राज समितीही जिल्ह्यांचे दौरे करून कारभार तपासते.

दुसरी, कामगिरीची. पैसा नियमाने खर्च झाला असेल, पण काम झालं का? कसं झालं? इथे सर्वेक्षणं, गुण आणि क्रमवारी येते. ‘स्वच्छ सर्वेक्षण’ हे सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण.

तिसरी, लोकांनी केलेली. ज्याच्यासाठी सेवा आहे त्यानेच विचारायचं: मला मिळाली का? माहिती अधिकार, लोकसेवा हक्क कायदा, ग्रामसभा, सामाजिक अंकेक्षण हे सगळं यात येतं.

तिन्हींची आपापली ताकद आहे, आणि तिन्ही ठिकाणी एकेक ‘बग’ही आहे.

हिशेबाचं ऑडिट: अचूक, पण उशिरा

२०२२ च्या ऑक्टोबरमध्ये राज्य सरकारने कॅगला मुंबई महापालिकेचं विशेष ऑडिट करायला सांगितलं. नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातली सुमारे १२ हजार कोटींची ७६ कामं त्यात तपासली गेली. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत आला. दोन कामं, मिळून सुमारे २१४ कोटी, टेंडर न काढताच दिलेली. ६४ कामांत, मिळून सुमारे ४,७५५ कोटी, पालिका आणि कंत्राटदार यांच्यात करारच झालेला नाही. आणि १३ कामांत, सुमारे ३,३५५ कोटींच्या, कामाची गुणवत्ता तपासायला त्रयस्थ लेखापरीक्षकच नेमला नव्हता.

शेवटचा मुद्दा पुन्हा वाचा. यात पैसा खाल्ला गेला असं म्हटलेलं नाही. तपासणारा माणूसच नेमला नव्हता, एवढंच म्हटलंय. आमच्या भाषेत सांगायचं तर कोड थेट प्रॉडक्शनला गेला, टेस्टिंग झालंच नाही. अशा वेळी काम चांगलं झालंय की वाईट, हे कुणालाच ठामपणे सांगता येत नाही. आणि करारच नसेल तर काम बिघडल्यावर कंत्राटदाराला कशाच्या आधारावर धरणार?

या ऑडिटवर राजकारणही भरपूर झालं. ‘मुंबईच का, बाकीच्या महापालिकांचं का नाही?’ असं विरोधकांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. कुणाची तपासणी करायची हे सत्ताधारी ठरवणार असतील, तर आतलं निरीक्षण कितीही खरं असलं तरी लोक त्याकडे शंकेनेच बघतात. म्हणून तपासणीचं वेळापत्रक आधीच ठरलेलं असावं, आणि ते सगळ्यांना सारखंच लागू असावं.

हिशेबाच्या ऑडिटची खरी अडचण वेळेची आहे. काम होतं, बिल निघतं, रस्ता उखडतो, आणि मग आक्षेप येतो. आक्षेपावर कार्यालयाने ‘अनुपालन’ सादर करायचं, मग तो परिच्छेद वगळायचा की ठेवायचा हे ठरायचं. तोवर त्या टेबलावरचा अधिकारी बदलून गेलेला असतो. नवा म्हणतो, ‘हे माझ्या काळातलं नाही.’ सर्व्हर पडल्यावर दोन वर्षांनी रिपोर्ट यावा, तसला हा प्रकार.

रँकिंग: वेगवान, पण मॅनेज करता येण्याजोगं

यावर उपाय म्हणून गुण आणि क्रमवारी आली. स्वच्छ सर्वेक्षण २०१६ मध्ये ७३ शहरांपासून सुरू झालं आणि २०१८ पर्यंत ४,२०३ शहरांपर्यंत पोहोचलं. याचा फायदा झाला नाही असं म्हणणं चुकीचं ठरेल. इंदूरने ओला-सुका कचरा घरातच वेगळा करण्याची सवय लावली आणि वर्षानुवर्षं पहिला नंबर सोडला नाही. २०२३ च्या सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकसंख्येच्या शहरांत आपलं सासवड देशात पहिलं आलं. नंबर जाहीर होतो म्हटल्यावर आयुक्त सकाळी सहाला वॉर्डात फिरायला लागतात, हे खरं आहे.

पण आता २०१८ ची गुणांची रचना बघा. एकूण ४,००० गुण. त्यातले १,४०० पालिकेने सादर केलेल्या कागदपत्रांवर, १,२०० प्रत्यक्ष पाहणीवर आणि १,४०० नागरिकांच्या प्रतिसादावर. या शेवटच्या भागातले ४०० गुण ‘स्वच्छता’ अ‍ॅपसाठी होते. अ‍ॅप किती जणांनी घेतलंय, किती जण वापरतात, तक्रारी किती सुटल्या, यावर ते मिळायचे.

अ‍ॅप डाउनलोड करण्याला गुण मिळणार म्हटल्यावर काय होईल, हे सांगायला इंजिनिअर लागत नाही. शहर स्वच्छ करण्यापेक्षा लोकांच्या फोनमध्ये अ‍ॅप टाकून देणं सोपं असतं. मोहिमा निघतात, ‘डाउनलोड करा आणि शहराला जिंकवा’ असे फलक लागतात. सर्वेक्षणाचं पथक येणार असं कळलं की भिंती रंगतात, दुभाजकाला नवा रंग चढतो. ब्रिटिश अर्थतज्ज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी १९७५ मध्ये मांडलेला विचार आज ‘गुडहार्टचा नियम’ म्हणून ओळखला जातो. त्याचा सारांश असा: एखादं मोजमाप हेच लक्ष्य झालं की ते मोजमाप म्हणून निकामी होतं. इन्स्टाग्रामवर फॉलोअर विकत घेणाऱ्यांना हा नियम वेगळा शिकवावा लागत नाही.

राज्यात २०२५ मध्ये सरकारी कार्यालयांसाठी १०० दिवसांचा कार्यक्रम झाला. वेबसाइट, स्वच्छता, तक्रार निवारण, कार्यालयातल्या सोयी अशा सात मुद्द्यांवर कार्यालयांना गुण मिळाले आणि १ मेच्या सुमारास निकाल लागला. मूल्यमापनासाठी भारतीय गुणवत्ता परिषदेला, म्हणजे त्रयस्थ संस्थेला बोलावलं होतं. ही चांगली गोष्ट. पण या यादीतल्या काही गोष्टी १०० दिवसांत दिसतात, काही दिसत नाहीत. वेबसाइट तीन महिन्यांत नवी होते. तलाठ्याकडे फेरफार अडकण्याचं कारण मात्र तीन महिन्यांत जात नाही. त्यामुळे १०० व्या दिवशी मिळालेले गुण ५०० व्या दिवशीही टिकलेत का, हे तपासायला त्याच संस्थेने न सांगता पुन्हा यायला हवं.

फोटोचा फोटो

‘मग सगळं अ‍ॅपवर टाका, जीपीएस लावा, कोण फसवणार?’ असं अनेकांना वाटतं. त्यांच्यासाठी मनरेगाच्या हजेरीचं उदाहरण.

रोजगार हमी योजनेच्या कामावरची खोटी हजेरी ही जुनी दुखणी. कामावर दहा मजूर, मस्टरवर तीस. ती थांबवायला केंद्राने २०२१ मध्ये हजेरीचं अ‍ॅप आणलं आणि जानेवारी २०२३ पासून ते वैयक्तिक लाभाची कामं वगळता सगळ्या कामांना सक्तीचं केलं. दिवसातून दोनदा मजुरांचा फोटो, त्यावर वेळ आणि ठिकाणाची नोंद. कागदावर एकदम पक्की व्यवस्था.

जुलै २०२५ मध्ये केंद्रीय ग्रामविकास मंत्रालयालाच राज्यांना पत्र लिहून गैरप्रकार कळवावे लागले. कामाशी संबंध नसलेले फोटो चढवले जात होते. थेट फोटो काढण्याऐवजी फोटोचाच फोटो काढला जात होता. फोटोतली माणसं आणि हजेरीतली संख्या जुळत नव्हती. काही ठिकाणी फोटोतल्या स्त्री-पुरुषांची संख्याही नोंदीशी मिळत नव्हती.

इथे तंत्रज्ञान कुठे चुकलं? अ‍ॅपने फोटो ‘घेतला’, पण तो बघायची जबाबदारी कुणाचीच नव्हती. रोज लाखो फोटो सर्व्हरवर येतात आणि तिथेच पडून राहतात. शिवाय ज्याच्यावर खोट्या हजेरीचा संशय आहे, त्याच माणसाच्या हातात कॅमेरा. दुसऱ्या बाजूला, रेंज नसलेल्या पाड्यावर खरंच घाम गाळणाऱ्या मजुराचा फोटो अपलोड झाला नाही तर त्याचा दिवस बुडण्याची भीती. म्हणजे खोटं करणाऱ्याला वाट सापडली आणि खरं काम करणाऱ्याला त्रास झाला.

याच्या उलट टोकाला एक पद्धत आहे, तिला सर्व्हर लागत नाही. डिसेंबर १९९४ मध्ये राजस्थानातल्या कोट किराना गावात मजदूर किसान शक्ती संघटनेने जनसुनवाई घेतली. मस्टर आणि बिलं गावासमोर मोठ्याने वाचून दाखवली. कोणाच्या नावावर किती दिवस, कोणत्या कामावर किती सिमेंट, हे ऐकून गावच सांगू लागलं: ‘हा तर त्या दिवशी गावात नव्हता.’ यातूनच पुढे माहिती अधिकाराची चळवळ उभी राहिली आणि मनरेगा कायद्यात सामाजिक अंकेक्षणाचं कलम आलं. खोटं नाव अल्गोरिदमपेक्षा शेजारी लवकर ओळखतो. फक्त त्याच्यापर्यंत यादी पोहोचली पाहिजे.

इंग्लंडने ऑडिट आयोग बंद केला, पुढे काय झालं?

तपासणी जास्त झाली तरी डोकेदुखी, कमी झाली तरी. इंग्लंडमध्ये दोन्ही करून झालंय.

तिथे १९८३ मध्ये ‘ऑडिट कमिशन’ सुरू झालं. २००२ पासून ते प्रत्येक मोठ्या कौन्सिलला ‘उत्कृष्ट’पासून ‘वाईट’पर्यंत पाच दर्जे देऊ लागलं. कौन्सिलांनी कामही सुधारलं आणि तपासनिसांना खूश ठेवायला वेगळी माणसंही बसवली. खर्च आणि कागदपत्रं वाढली अशी टीका झाली, आणि २०१० मध्ये सरकारने आयोग गुंडाळायचं ठरवलं. मार्च २०१५ मध्ये तो बंद झाला. ऑडिटचं काम खाजगी कंपन्यांकडे गेलं. आता नागरिकच हिशेब तपासतील, सगळा डेटा खुला करू, असा विचार त्यामागे होता.

परिणाम असा की २०२२-२३ या वर्षाचे हिशेब ठरलेल्या मुदतीत ऑडिट होऊन प्रसिद्ध करणाऱ्या स्थानिक संस्था किती होत्या? ४६७ पैकी ५.

त्याच काळात बर्मिंगहॅम सिटी कौन्सिलने एप्रिल २०२२ मध्ये हिशेबासाठी ओरॅकलची नवी प्रणाली सुरू केली. तयार सॉफ्टवेअर आहे तसं वापरण्याऐवजी आपल्या जुन्या पद्धतींप्रमाणे त्यात खूप फेरबदल केले गेले. प्रणाली नीट चालेना, कौन्सिलला स्वतःचे हिशेब धड मांडता येईनात. सुमारे २ कोटी पाउंडचा अंदाज १० कोटी पाउंडच्या पुढे गेला. दुसरीकडे महिला कर्मचाऱ्यांच्या समान वेतनाची प्रचंड थकबाकी होतीच. ५ सप्टेंबर २०२३ ला कौन्सिलने ‘कलम ११४’ची नोटीस काढली, म्हणजे अत्यावश्यक सोडून नवा खर्च बंद. मग ग्रंथालयांपासून समाजसेवेपर्यंत कपात आणि घरपट्टीत वाढ. सॉफ्टवेअरमधल्या गोंधळाचं बिल शेवटी सामान्य माणसाने भरलं.

डेटा खुला केला म्हणजे ऑडिट झालं असं होत नाही, हा त्यातला धडा. तो वाचणारा, समजणारा आणि त्यावर कारवाई करू शकणारा कुणीतरी पगारी माणूस लागतोच.

तिकीट बंद कोण करतं?

आता आपल्या रोजच्या अनुभवाकडे. मी राहतो तिथल्या गल्लीतला दिवा बंद होता म्हणून मी अ‍ॅपवर तक्रार टाकली. दुसऱ्या दिवशी मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ दिवा बंदच. पुन्हा टाकली, पुन्हा निकाली. तिसऱ्या वेळी अंधाराचा फोटो जोडला तेव्हा माणूस आला. मित्रमंडळींत विचारलं तर प्रत्येकाकडे अशी एक गोष्ट निघाली.

हा माणसांच्या आळसाचा मुद्दा नाही, डिझाइनचा आहे. वरिष्ठांच्या डॅशबोर्डवर ‘किती तक्रारी निकाली’ हा आकडा दिसतो. आकडा ज्याचा मोजला जातो, त्याच्याच हातात तक्रार बंद करायचं बटण असतं. सॉफ्टवेअर कंपनीत बग दुरुस्त झाला की ज्याने तो नोंदवला तो किंवा टेस्टर तपासतो, आणि मगच तिकीट बंद होतं. पालिकेच्या अ‍ॅपमध्ये एवढा एकच बदल केला, म्हणजे तक्रारदाराने ‘हो, झालं’ म्हटल्याशिवाय तक्रार निकाली धरायची नाही, तर डॅशबोर्ड एका रात्रीत लाल होईल. पण तो खरा असेल.

दाखले आणि परवान्यांच्या बाबतीत आपली स्थिती जरा बरी आहे, कारण तिथे कायदा आहे. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ नुसार अधिसूचित सेवा ठरलेल्या मुदतीत मिळायला हवी. नाही मिळाली तर पहिलं अपील, दुसरं अपील आणि शेवटी राज्य सेवा हक्क आयोग. कारण नसताना उशीर केला तर अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण इथेही एक पळवाट आहे. मुदत संपायच्या दिवशी ‘त्रुटी’ काढून अर्ज परत पाठवला की नोंदीत उशीर दिसत नाही. म्हणून किती अर्ज मुदतीत निघाले यासोबत किती अर्ज त्रुटी काढून परत गेले, हाही आकडा जाहीर व्हायला हवा.

मग चांगली तपासणी कशी असावी?

वरची सगळी उदाहरणं एकत्र ठेवली तर चार गोष्टी दिसतात.

एक, काम करणारा आणि तपासणारा वेगळा हवा. फोटो काढणारा आणि तक्रार बंद करणारा हासुद्धा यात आला.

दोन, तपासणीची तारीख माहीत नसावी, निकष मात्र सगळ्यांना माहीत असावेत. आपल्याकडे बऱ्याचदा उलटं होतं. पथक कधी येणार ते आधी कळतं, गुण कशाचे मिळाले ते नंतरही कळत नाही.

तीन, मोजायचं ते शेवटच्या माणसाला काय मिळालं ते. किती कचरापेट्या घेतल्या यापेक्षा गाडी माझ्या गल्लीत आठवड्यातून किती दिवस आली, हे मोजा.

चार, आक्षेपाचं पुढे काय झालं ते लोकांना दिसलं पाहिजे. ऑडिटचा प्रत्येक परिच्छेद, त्यावरचं अनुपालन, वसुली झाली की नाही, हे सगळं एखाद्या पार्सलसारखं ट्रॅक करता आलं पाहिजे. हे बनवणं तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही. इच्छा आहे का, एवढाच प्रश्न आहे.

तुमच्या फोनवरून आज काय करता येईल?

• गावात राहत असाल तर ‘ई-ग्रामस्वराज’ अ‍ॅप उघडा. राज्य, जिल्हा, तालुका, ग्रामपंचायत आणि आर्थिक वर्ष निवडा. कोणती कामं मंजूर आहेत आणि किती पैसा खर्च दाखवलाय ते दिसतं. कागदावर झालेली गटार प्रत्यक्षात आहे का, हे तुमच्याइतकं लवकर कुणीच तपासू शकत नाही. मग २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट किंवा २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत तो स्क्रीनशॉट घेऊन जा.

• तक्रार टाकताना आधीचा फोटो, तारीख आणि तक्रार क्रमांक जपून ठेवा. ‘निकाली’ असा मेसेज आला की त्याच जागेवरून पुन्हा फोटो काढा. दोन फोटो आणि एक मेसेज, हा तुमचा पुरावा.

• दाखल्यासाठी अर्ज केल्यावर अर्ज क्रमांक आणि सेवेची मुदत लिहून घ्या. मुदत उलटली की ‘आपले सरकार’ पोर्टलवरून अपील करता येतं. वकील लागत नाही.

• माहिती अधिकार म्हणजे फक्त कागद मागणं नाही. कायद्याच्या व्याख्येत कामाची पाहणी करणं आणि साहित्याचा प्रमाणित नमुना घेणंही येतं. म्हणजे तुमच्या रस्त्यासाठी वापरलेल्या मालाचा नमुनाही मागता येतो. अर्जाची फी १० रुपये. ‘मागच्या वर्षीच्या ऑडिट अहवालातले आक्षेप आणि त्यावरचं अनुपालन द्या’ हा एका ओळीचा अर्ज पुष्कळ काही बाहेर काढतो.

• दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा पातळीवरची कार्यालयं आणि पालिकांनी नागरिकांना अभिलेख पाहू द्यावेत, असे निर्देश राज्य सरकारने २०१८ मध्ये दिले होते. पुणे महापालिकेत हा प्रयोग २००९ मध्येच सुरू झाला होता. तुमच्या कार्यालयात तो चालू आहे का, हे जाऊन विचारा. उत्तर काय मिळतं, हीसुद्धा एक तपासणीच.

यातलं काहीही करायला आंदोलक व्हावं लागत नाही. डिलिव्हरी बॉयला ओटीपी दिल्याशिवाय आपण पार्सल मिळालं असं मानत नाही. रस्ता, पाणी आणि दाखला याचा ‘ओटीपी’ही आपल्याच हातात राहिला पाहिजे. तो विचारला जात नसेल, तर विचारा म्हणून सांगायची वेळ आली आहे.